जंबेरीवरचा डोळा

आजीच्या डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या लावल्या होत्या. मान हलवायची नाही, खोकायचं नाही, शिंक आली तर तोंड उघडून सोडायची, चावावं लागेल असं काही खायचं नाही. दोन्ही डोळ्यांवर पट्टी होती. डावा डोळा काचबिंदूने आधीच गेला होता आणि उजव्यातला मोतीबिंदू आता काढला होता. टाका उसवला असता तर पुढे काहीच उरलं नसतं. डॉक्टरांनी हे बाबांना बाजूला घेऊन सांगितलं, आणि बाबांनी ते घरात इतक्या वेळा सांगितलं की आई म्हणाली, "आता भिंतीले सांगा."

अडचण अशी होती की माझी आजी, पंचफुलाबाई, जन्मात कधी स्वस्थ पडली नव्हती.

सदर भागाच्या मागे आमचं सरकारी क्वार्टर होतं. त्याच्या अंगणात तेलाच्या रिकाम्या डब्यांत तिने जंबेरीची रोपं लावली होती. जंबेरी म्हणजे लिंबाच्या जातीचं काटेरी, चिवट झाड. फळ इतकं आंबट की कोणी खात नाही. रोप पेन्सिलीएवढं जाड झालं की आजी त्याच्या सालीला चीर द्यायची आणि तीत संत्र्याच्या काडीवरचा डोळा, म्हणजे पानाच्या बगलेतला बारीक कोंब, सालीच्या तुकड्यासकट सरकवायची. वरून पट्टी घट्ट बांधायची. डोळा लागला की जंबेरीच्या मुळावर संत्रं वाढतं. सावनेरकडे तिच्या वडिलांची बाग होती, तिथे ती लहानपणी हे शिकली. आता दर वर्षी थंडी सरली की सावनेरहून येणाऱ्या कोणाच्या तरी पिशवीत ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या काड्या यायच्या, आणि मग घरात स्वयंपाक कोणी केला, कोणी जेवलं, याकडे तिचं लक्ष नसायचं.

ती फार तरबेज होती असं नाही. बांधलेल्यांतले निम्मे डोळे मरत. शेजारच्या गणपतरावांच्या लिंबावर तिने त्यांना न विचारता डोळा बांधला होता, तो मेला आणि वर लिंबाची ती फांदीही वाळली. एकदा कौतुकाने त्यांना एक रोप दिलं, तर डोळा मरून खालची जंबेरीच फोफावली. पहिलं फळ खाऊन ते कुंपणापाशी आले आणि म्हणाले, "काकू, तुमच्या संत्र्यानं कवळीसुद्धा आंबली." आजीने त्यांना लगेच दुसरं रोप दिलं.

त्या वर्षी एक गोष्ट वेगळी झाली होती. ती नेहमी केळीच्या सोपटाची, म्हणजे खोडाच्या वाळक्या सालीची, पट्टी बांधायची. सोपट हळूहळू कुजतं आणि आपोआप ढिलं होतं. मी बी.एस्सी.ला वनस्पतिशास्त्र घेतलं होतं. आमच्या प्रयोगशाळेत प्लास्टिकच्या पट्ट्या वापरत, त्यातल्या थोड्या मी तिला आणून दिल्या. तिला त्या फार आवडल्या. ताणल्या जातात, पाणी आत जात नाही. पण प्लास्टिक कुजत नाही. डोळा लागला की ते हाताने सोडावं लागतं, नाहीतर खोड फुगतं, पट्टी सालीत रुतते आणि वरचा रस तुटतो. फाल्गुनातल्या उन्हाने जंबेरी भराभर जाड होत होती, आणि नेमकी त्याच दिवसांत ऑपरेशनची तारीख मिळाली.

धंतोलीतल्या त्या दवाखान्यात मी गेले की पहिला प्रश्न ठरलेला असे.

"वं सिंधू, डोळे कसे हायेत?"

"हिरवे हायेत, आजी."

"देठ गळले का?"

डोळ्याखाली पानाचा देठ थोडासा ठेवतात. बोट लावताच तो गळून पडला तर डोळा लागला. वाळून चिकटून राहिला तर मेला.

"हात लावून नाही पाहिला."

"मंग मांगच्या अंगणात कायले गेली होती? हवा खाले?"

पलीकडच्या खाटेवर कामठीच्या रुखमाबाई होत्या. त्यांच्याही डोळ्यांवर पट्टी होती. दोघींनी एकमेकींना कधी पाहिलं नव्हतं, पण भांडण रोज होत असे.

"वं बाई," रुखमाबाई म्हणाल्या, "डोळे तुह्या तोंडावर हायेत. पोरीले काय इचारून राहिली?"

"माह्या तोंडावर नजर हाये. डोळे घरी हायेत."

आजीच्या तोंडी हे नेहमीचंच होतं. माणसाची ती नजर. डोळा हा शब्द तिने झाडांसाठी ठेवला होता. आम्हाला त्याची इतकी सवय होती की ते वेगळं आहे हेही लक्षात येत नसे. बाबांनी तर ते कधी कान देऊन ऐकलंच नव्हतं. ते लहानपणापासून महाल भागात मावशीकडे राहून शिकले. आजी बागेचं बोलू लागली की ते पेपर वाचत, आणि मधूनमधून "हो माय" म्हणत.

माझ्या प्रॅक्टिकलच्या दिवशी दुपारी बाबा दवाखान्यात बसले होते. काय झालं ते मला नंतर त्यांच्याकडून आणि रुखमाबाईंकडून वेगवेगळं कळलं, पण शब्द दोघांनी तेच सांगितले.

आजी सकाळपासून चुळबुळत होती. चादर ओढ, पाय आपट, पंखा कमी कर, पंखा वाढव. मग ती म्हणाली, "रुपराव, आज डोळा सोडाच लागते गा. पट्टी आत रुतून राहिली असन."

बाबांनी पेपर बाजूला ठेवला.

"माय, डॉक्टर सांगतीन तेव्हाच सोडू."

"डॉक्टरले काय समजते त्यातलं? मी आठ वर्षांची होती तवापासून सोडून राहिली."

"तवापासून?"

"व्हय. चाकू नाही लागत. नखानं होते. आज नाही सोडला तर डोळा मरते. तुमच्यानं होत नसन तर मी उठतो आन् मीच जातो."

असं म्हणून तिने खरोखर कोपर टेकवलं. बाबा सिस्टरला हाका मारत धावले. भ्रम झाला आहे, ही नखाने पट्टी काढणार, असं त्यांनी सांगितलं, आणि त्यांचा चेहरा पाहून सिस्टरला ते खरं वाटलं. दोघांनी मिळून आजीचे हात बँडेजच्या पट्ट्यांनी खाटेच्या दांड्याला बांधले.

मी संध्याकाळी पोचले तेव्हा बाबा खुर्ची ओढून तिच्या उशाशी बसले होते. आजीची मनगटं दांड्याला बांधलेली होती आणि बोटं एकसारखी उघडमीट करत होती. ओठ घट्ट मिटले होते. हनुवटी थरथरत होती. ती रडत असली तर पाणी पट्टीच्या आत, थेट टाक्यावर जाणार होतं. मला त्या क्षणी तेवढंच सुचलं.

"काय झालं?"

"वेड लागलं मायले," बाबा हळूच म्हणाले. "डोळ्याची पट्टी सोडा म्हणते."

"कोणत्या डोळ्याची?"

"कोणत्या म्हंजे? दुसरा हाये काय तिले?"

"बाबा," मी म्हटलं, "जंबेरीचा."

पलीकडून रुखमाबाई म्हणाल्या, "मी सकाळपासून तेच सांगून राहिली होती, पण आंधळीचं कोण ऐकते?" त्या सकाळपासून काही सांगत नव्हत्या, पण कोणी हरकत घेतली नाही.

बाबांनी गाठी सोडायला घेतल्या. त्यांच्याने त्या सुटेनात, सिस्टरने कात्री आणली. आजीने मोकळी झालेली मनगटं चोळली. मी म्हटलं, "आजी, मी आता घरी जातो आन् पट्ट्या सोडतो." त्यावर ती लगेच म्हणाली, "तू नको सोडू. तू साल ओढशीन." आणि पुन्हा तिचं कोपर गादीत रुतलं.

मी डॉक्टरांच्या खोलीबाहेर जाऊन उभी राहिले. त्यांना सगळं सांगितलं. ते हसले नाहीत. विचार करून म्हणाले, "हात हलले तर हरकत नाही. मान हलता कामा नये. माती झाकून आणा."

प्लास्टिक बांधलेले दोन डबे मी घरून रिक्षातून आणले, तोंडाला आईच्या जुन्या लुगड्याचे तुकडे बांधून. सिस्टर दारातच म्हणाली, "ये क्या बगीचा लगाने का है इधर?" पण तिनेच स्टूल सरकवलं. मी डबा आजीच्या छातीजवळ खाटेच्या कडेला धरला. बाबा उशाशी उभे राहिले आणि त्यांनी दोन्ही वाळूच्या पिशव्या तळव्यांनी दाबून धरल्या.

आजीने खोड वरून खाली चाचपलं. काटा टोचला, तिने हात काढला नाही. पट्टीची गाठ सापडताच तिच्या बोटांची घाई संपली. अंगठ्याच्या नखाने तिने शेवट उचकटला आणि एकेक वेढा उलगडू लागली. पट्टी खरंच रुतली होती. सालीवर चक्राकार वळ उठले होते. मी तिच्या गळ्याकडे पाहत होते. गळ्याची शीर हलत होती, पण मान हलत नव्हती. तिने देठाला बोट लावलं. तो गळून तिच्या पदरावर पडला.

"लागला," ती म्हणाली. "दुसरा आण."

दुसऱ्याची पट्टीही तिने तशीच एकेक वेढा करत उलगडली. देठ वाळून चिकटला होता. तिने तो दाबून पाहिला, कोंब दाबून पाहिला, पुन्हा देठ दाबला. बाबांचे तळवे पिशव्यांवर पांढरे पडले होते.

"हा मेला," आजी म्हणाली. मग सुटलेली पट्टी चाचपून म्हणाली, "प्लास्टिकचा दोष नाही. मीच ढिला बांधला होता." आणि हात छातीवर ठेवून पडून राहिली.

"लय झालं बाई बागकाम," रुखमाबाई म्हणाल्या. "आता झोपू दे."

आजीला झोप लागली होती.

पट्टी काढायच्या दिवशी आम्ही सगळे खाटेभोवती होतो. डॉक्टरांनी खिडकीचा पडदा ओढून घेतला, शेवटचा कापूस उचलला आणि पापणी पुसली. आजीने उजवा डोळा उघडला, मिटला, पुन्हा उघडला. त्यातून पाणी वाहत होतं. जाड भिंगाचा चष्मा मिळेपर्यंत सगळं धूसर दिसेल हे आम्हाला माहीत होतं. डॉक्टरांनी हात वर केला.

"बोटं किती?"

आजीने त्या हाताकडे पाहिलंच नाही. ती त्यांच्या खांद्यावरून पलीकडे पाहत होती, जिथे बाबा अर्धवट पाठ फिरवून भिंतीपाशी तोंड पुसत उभे होते.

"रुपराव, काहून तोंडावर हात फिरवून राहिला गा?" ती म्हणाली. "इकडे पाह्य. अन् मले उठव, पाठ भाजून राहिली." आणि कोणी काही बोलायच्या आत तिने गादीवर कोपर टेकलं. डॉक्टर, सिस्टर, बाबा आणि मी, आम्ही चौघेही एकदमच ओरडलो.