आतल्या खोलीत बसवलेला डिबगर

आमच्या कचेरीतल्या ताईंच्या थोरल्या भावाला जुळ्या मुली झाल्या, त्या वर्षी माझा जन्म झाला. मित्रांनो, मी एक जुना डिबगर आहे. प्रोग्रॅम चुकला की त्याला जागच्या जागी थांबवायचं आणि चूक कुठे आहे ते माणसाला दाखवायचं, हे माझं काम.

आमच्याकडचा प्रोग्रॅम मोठ्या कुटुंबासारखा असतो. त्यात अनेक ऑब्जेक्ट, म्हणजे आपापलं काम सांभाळणारे छोटे भाग, नांदतात आणि एकमेकांना निरोप धाडून कामं करून घेतात. कुणाचा निरोप कुणापाशी अडला, ते मी सांगतो. लहानपणी मात्र मला नीट सांगता येत नसे. एक विचारलं की मी सात पिढ्यांची वंशावळ वाचत बसे, आणि ऑब्जेक्टच्या जागी नुसते आकडे दाखवी. लोक वैतागत.

मला वळण लावलं ते ताईंनी. त्या प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांच्या पाठीमागे खुर्ची टाकून बसत आणि कुणाचा हात कुठे अडखळतो ते पाहत. "सासूबाई आल्या रे, नीट बसा," असं पोरं कुजबुजत. ताई ऐकून न ऐकल्यासारखं करत. त्यांनी माझी वायफळ बडबड काढली. आकड्यांऐवजी पत्ता पत्त्यासारखा दिसू लागला. थांबल्या जागीच चूक सुधारून पुढे जाता येऊ लागलं. मग त्याच पोरांचं माझ्यावाचून पान हलेना.

पुढे रुग्णवाहिका पाठवण्याच्या प्रोग्रॅमचं काम आलं. तो विकत घेणारे पाहुणे बघायला बसले असताना एक चूक झाली आणि पडद्यावर मध्येच माझी खिडकी उघडली. आमच्या साहेबांचा चेहरा पडला. पाहुणे गेल्यावर ते म्हणाले, "घरी पाहुणे आले की कुरकुऱ्या म्हाताऱ्याला आतल्या खोलीत बसवतात ना? तसं करा याचं."

"याला आत बसवाल साहेब," ताई म्हणाल्या, "पण चूक बाहेरच राहील."

साहेबांनी ऐकलं नाही. चूक झाली तरी थांबू नको, गप्प पुढे जा, अशी एक ओळ प्रोग्रॅममध्ये घातली गेली. ती पाहुण्यांपुरती होती, पण नंतर कुणी काढलीच नाही. चाचणीत काहीच अडेना, तेव्हा साहेबांनी सगळ्यांची पाठ थोपटली. ओळ काढा म्हणून ताई मागे लागल्या, तर त्यांना दुसऱ्या कामावर बसवलं.

मग प्रोग्रॅम खरोखर वापरात आला, आणि एका सोमवारी एका बाईंचा फोन आला. नवरा छाती धरून खाली बसला होता. त्यांच्या नव्या घराला अजून क्रमांक नव्हता. गाडीच्या ऑब्जेक्टने पत्त्याला क्रमांक विचारला, तिथे काहीच नव्हतं. निरोप अडला. मी असतो तर तिथेच थांबवलं असतं. प्रोग्रॅम गप्प पुढे गेला; गाडी जागची हललीच नाही, पण पडद्यावर 'गाडी निघाली' असं उमटलं. फोनवरच्या मुलीने ते वाचून सांगितलं, "गाडी निघालीये, मावशी. दार उघडं ठेवा."

बाईंनी दार उघडं ठेवलं.

दुसऱ्या दिवशी मला बाहेर काढलं. मी लगेच त्या जागेवर बोट ठेवलं. साहेब म्हणाले, "हा आधी का बोलला नाही?" ताईंनी आपली पिशवी उचलली आणि त्या निघून गेल्या.

मित्रांनो, माझी पूजा करू नका. पण चूक दाखवणाऱ्याचं तोंड दाबू नका.

त्या बाईंचा नवरा सुतार होता. तो थंडीतल्या त्याच सोमवारी, दुपारी वारला.