गीताबाईंच्या पाठीवरून घरी

मित्रांनो, मी एक जुनी सॅक आहे. पाठीला लावायची, जाड कापडाची, दोन रुंद पट्ट्यांची. माझा हिरवा रंग आता इतका विटला आहे की उन्हात धरलं तर मी राखाडी दिसते. एका अंगाला डिझेलचा डाग आहे. तळाशी लाल माती बसली आहे, ती कितीही घासली तरी जात नाही. पण मला या डागांची लाज वाटत नाही.

माझा जन्म भिंगारच्या बाजारात झाला. तिथे बजरंग नावाचे शिंपी आहेत. लष्कराच्या लिलावात निघालेलं जुन्या तंबूचं कापड त्यांनी घेऊन ठेवलं होतं. त्यातून त्यांनी मला बेतलं. मला शिवायला सांगणारे होते सहादू. त्यांची सगळी नोकरी लष्कराच्या गोदामात झाली. आयुष्यभर त्यांनी दुसऱ्यांच्या पेट्या गाडीत चढवल्या आणि त्या कुठल्या कुठे गेल्या ते नुसतं ऐकलं. निवृत्त झाल्यावर त्यांनी ठरवलं की आता आपण जायचं. बुद्धांचा धम्म जिथे जिथे पोचला ते देश डोळ्यांनी पाहायचे, आणि जमेल तेवढ्या स्वस्तात पाहायचे.

"बजरंग, अशी शीव की मी झिजलो तरी ही झिजली न्हाई पायजे," सहादू म्हणाले.

"तुमचं तुमी बघा. हिची काळजी माझ्याकडं," बजरंग हसून म्हणाले आणि त्यांनी माझ्या पट्ट्यांना दुहेरी टाके घातले.

सहादूंच्या बरोबर गीताबाई निघाल्या. त्या सहादूंच्या पत्नी. अंगणवाडीत मदतनीस म्हणून त्यांनी कितीतरी वर्षं काम केलं होतं. पोरांना खाऊ घालणं, नाकं पुसणं, रडणाऱ्याला कडेवर घेणं. त्यांना फिरायची हौस होती, पण परक्या माणसाशी बोलायचा धीर नव्हता. त्यांची मुलगी प्रज्ञा नगरच्या एका दवाखान्यात नर्स आहे. तिनं मोबाईलवर तिकिटं काढून दिली, आणि दसऱ्यानंतर आम्ही तिघं निघालो. तिसरी मी!

काय ते दिवस होते! थायलंड, कंबोडिया, व्हिएतनाम, लाओस. आम्ही कधी विहारात मुक्काम केला, कधी एकावर एक खाटा असलेल्या मोठ्या खोलीत. तिथली तरुण पोरं गीताबाईंना 'मम्मा' म्हणत. सहादूंना गोदामात ऐकून ऐकून थोडं इंग्रजी येत होतं. तिकीट तेच काढत, रस्ता तेच विचारत, आणि मी त्यांच्याच पाठीवर असे. गीताबाई कापडी पिशवी घेऊन मागून चालत. कोणी त्यांच्याशी बोललं की त्या सहादूंकडे बोट दाखवत आणि मराठीतच म्हणत, "ह्यान्ला विचारा." माझी मात्र सगळीकडे वाहवा व्हायची. लोक माझं कापड चाचपून बघत आणि सहादूंची छाती फुगे.

लाओसमध्ये लुआंग प्रबांग नावाचं गाव आहे. मेकाँग नदीच्या काठी आहे. तिथे आमचे दिवस संपत आले होते. बँकॉकहून कोलकात्याचं विमान धरायचं आणि चौदा एप्रिलच्या जयंतीआधी घरी पोचायचं, असं ठरलं होतं. एका सकाळी सहादू विहाराच्या ओल्या पायऱ्या उतरत होते. पाय सरकला आणि ते खाली गेले. मी पाठीवर होते म्हणून त्यांचा कणा वाचला, पण पाय वाचला नाही. घोट्याचं हाड मोडलं. गुडघ्यापर्यंत प्लास्टर झालं आणि हातात कुबड्या आल्या.

खोलीवर आल्यावर सहादू भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. व्हिसा संपत आला होता, त्यामुळे पाय बरा होईपर्यंत थांबण्याची सोय नव्हती. प्रज्ञाला फोन लावला तर ती बिचारी रडायलाच लागली. तिच्याकडे पासपोर्टच नव्हता.

"आता कसं जायचं गं?" सहादू म्हणाले. "मला उभं ऱ्हाता येत न्हाई, आन् तुला बोलता येत न्हाई."

गीताबाई उठल्या. मग त्यांनी मला कोपऱ्यातून ओढलं आणि माझ्यातलं सगळं जमिनीवर ओतलं. सहादूंनी गोळा केलेले दगड, शिंपले, जाडजूड नकाशे बाजूला काढले. कपडे, औषधं, पायाचा एक्स-रे आणि शेंगदाण्याच्या चटणीचा डबा तेवढा परत भरला. मग भिंतीला पाठ लावून बसल्या, पट्ट्यांत हात घातले आणि एका हातानं खाट धरून उठल्या. मित्रांनो, मी पहिल्यांदाच त्यांच्या पाठीवर होते.

"जड हाय ना?" सहादूंनी विचारलं.

"अंगनवाडीतली पोरं हिच्यापरीस जड हुती," गीताबाई म्हणाल्या. "मला फकस्त पुढच्या गावाचं नाव सांगा. एका टायमाला एकच. तेवढं मी पाठ करीन."

निघायच्या दिवशी, आम्ही उतरलो होतो त्या घराच्या मालकीणबाईंनी दोघांना समोर बसवलं आणि मनगटावर पांढरा दोरा बांधला. प्रवासाला जाणाऱ्याला तिकडे असा दोरा बांधतात. गीताबाई एकदम फुलल्या. आपल्याकडे विहारातल्या परित्राण पाठाला, म्हणजे रक्षणाच्या प्रार्थनेला, असाच दोरा बांधतात की! "अवो, ही तर आपलीच मानसं," त्या म्हणाल्या. मालकीणबाईंना शब्द कळले नाहीत, पण त्यांनी गीताबाईंचे दोन्ही हात आपल्या हातात घेतले आणि बराच वेळ सोडले नाहीत.

पुढचं नाव होतं व्हिएन्तियान, लाओसची राजधानी. निघताना रेल्वे स्टेशनवर तपासणी झाली. माझ्या पोटातून गीताबाईंची कांदा चिरायची सुरी निघाली आणि शिपायानं ती काढून घेतली. चटणीचा डबा उघडून त्यानं वास घेतला आणि तो जोरात शिंकला. गीताबाईंना हसू आलं. त्यालाही आलं. मग त्यानंच चाकाची खुर्ची आणून सहादूंना गाडीच्या डब्यापर्यंत ढकलत नेलं. गीताबाई प्लास्टरकडे बोट दाखवत आणि गावाचं नाव घेत, एवढंच त्यांचं बोलणं. पण तेवढ्यावर रस्ता निघत होता.

मग आला तो पूल. मेकाँगच्या अलीकडे लाओस, पलीकडे थायलंड. बसनं पूल ओलांडायचा. पण आधी सगळ्यांनी उतरून कचेरीत पासपोर्ट दाखवायचे आणि पुन्हा बसमध्ये बसायचं. सामान बसच्या पोटातच राहतं. मीही तिथे अंधारात होते. सहादूंच्या कुबड्या चिंचोळ्या दारातून जाईनात, म्हणून त्यांना दुसऱ्या बाजूनं नेलं. त्यात वेळ गेला. आणि मित्रांनो, बस सुटली.

मला इंजिनचा आवाज आला, पण कुबड्यांची टकटक आली नाही. मी ओळखलं. ती दोघं मागे राहिली होती आणि मी पुढे चालले होते. औषधं माझ्यात, एक्स-रे माझ्यात, डॉक्टरांनी विमानासाठी दिलेली चिठ्ठीही माझ्यातच. पिशवीला पाय नसतात. तिला नुसतं जावं लागतं.

वर एका बाईचा आवाज चढला. ती आमच्या मागच्या बाकावर बसली होती. वाटेत तिनं गीताबाईंना उकडलेल्या शेंगा दिल्या होत्या. रिकाम्या जागा पाहून ती ड्रायव्हरवर ओरडत होती. पण पुलावर बस थांबवता येत नाही. पलीकडे पोचल्यावर तिनं स्वतः वाकून मला बाहेर ओढलं. तेव्हाच हा डिझेलचा डाग लागला. तिनं मला फरसबंदीवर ठेवलं आणि दोन्ही पायांच्या मध्ये धरून बसून राहिली.

ऊन तापलं. तिची पुढची बस आली. वाहकानं तिला हाक मारली. तिनं माझ्याकडे बोट दाखवलं आणि मान हलवली. तिची बस गेली. तरी ती बसूनच राहिली. पदर नव्हता तिला, म्हणून हातातली टोपी तिनं माझ्यावर धरली. मला उन्हाचं काय? पण तिनं धरली.

तिकडे कचेरीबाहेर काय झालं ते मला नंतर कळलं, सहादू प्रज्ञाला फोनवर सांगत होते तेव्हा. बस गेलेली पाहून सहादू मटकन खाली बसले होते. "संपलं सगळं," म्हणाले.

"संपलं काय म्हंता?" गीताबाई म्हणाल्या. "नदीच तर वलांडायचीय. उठा."

आणि त्या रस्त्यात जाऊन पुढच्या बससमोर दोन्ही हात पसरून उभ्या राहिल्या. परक्या माणसाशी बोलायला बिचकणाऱ्या त्याच गीताबाई. ड्रायव्हर खाली उतरला, त्यानं प्लास्टर पाहिलं आणि सहादूंना चक्क उचलून आत बसवलं.

पलीकडे उतरल्यावर गीताबाईंनी मला पाहिलं, मला धरून बसलेल्या त्या बाईला पाहिलं, आणि इतका वेळ धरून ठेवलेलं रडू फुटलं. त्यांनी त्या बाईच्या गालावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली. "बाई, नाव तरी सांगा वो," त्या म्हणाल्या. ती बाई तिच्या भाषेत काहीतरी म्हणाली. दोघींना एकमेकींचं काही कळलं नाही, तरी दोघींनी माना डोलावल्या. मग ती टोपी डोक्यावर घालून चालायला लागली. माझ्यासाठी तिनं आपली बस सोडली, हे गीताबाईंना सांगायला मला तोंड नव्हतं. म्हणून मी ते आज तुम्हाला सांगते.

पुढे नोंग खाय, मग बँकॉक, मग विमान. कोलकात्याला हावडा स्टेशनवर गीताबाईंनी हिंदीत विचारायला सुरुवात केली आणि आपल्याला हिंदी येतं या आनंदानं त्या हमालाशी उगाचच जास्त बोलल्या. गाडीत सहादूंना वरचा बाक मिळाला होता. बिलासपूरला चाललेल्या एका कुटुंबानं न मागता खालचा बाक सोडला आणि सत्तू भरून भाजलेली लिट्टीही खाऊ घातली. गीताबाईंनी चटणीचा डबा त्यांच्यापुढे रिकामा केला.

दुसऱ्या दिवशी खिडकीबाहेर काळी माती दिसू लागली. सहादू मात्र बाहेर न बघता गीताबाईंकडेच बघत होते. पाय दुखतोय का, म्हणून गीताबाईंनी विचारलं.

"पायाचं न्हाई," सहादू म्हणाले. "मी इतकी वर्सं तुला मागं मागं चालवलं. तू हे सगळं कधी शिकलीस?"

"मागं चालनाऱ्याला पुढचं सगळं दिसतं," गीताबाई म्हणाल्या आणि त्यांनी त्यांच्या प्लास्टरखाली मला नीट सरकवलं. मित्रांनो, नगरपर्यंत त्यांचा पाय माझ्यावरच होता. मी शिवले गेले त्याचं सार्थक मला तिथे वाटलं.

मनमाड गेलं, कोपरगाव गेलं. नगरला प्रज्ञा फलाटावर उभी होती. ती आईकडे बघतच राहिली. आई पुढे, पाठीवर मी, आणि बाबा मागून कुबड्यांवर. बाहेर रिक्षावाले "भिंगार, भिंगार" ओरडत होते. गीताबाई थांबल्या, डोळे मिटले आणि म्हणाल्या, "अजून एकदा म्हन रं बाबा!" रिक्षावाला चक्रावला. पण परतीच्या सगळ्या वाटेत पहिल्यांदाच पुढच्या गावाचं नाव त्यांना पाठ करावं लागलं नव्हतं.

घरी शेजारच्या आक्काबाईंनी ज्वारीच्या भाकरी आणि पिठलं करून ठेवलं होतं. सहादूंनी पहिला घास घेतला आणि डोळे पुसले. तिखटामुळे, असं ते म्हणाले.

जयंतीच्या संध्याकाळी वस्तीतल्या विहारापुढे मांडव घातला होता. परदेशाचे अनुभव सांगायला सहादूंचं नाव पुकारलं. त्यांना बोलायला आवडतं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. ते कुबडीवर उभे राहिले, माईक हातात घेतला आणि म्हणाले, "गेलो मी. पन मला माघारी आनलं ते हिनं. तवा हिलाच बोलू द्या." आणि त्यांनी माईक गीताबाईंकडे दिला.

गीताबाई उठल्या. माईक जवळ धरावा की लांब, हे त्यांना कळेना. "मला भाषन येत न्हाई," त्या म्हणाल्या. "पन एवढंच सांगते. तिकडं आमाला कुनी वळखत नव्हतं, तरी आमी कुठंच एकटं पडलो न्हाई. किती मानसं हुती, एकाचंबी नाव मला ठाव न्हाई. त्यांचे उपकार आता तिकडं जाऊन फेडता येनार न्हाईत. तवा आपल्या स्टँडवर कुनी पाठीवर वझं घिऊन इकडं तिकडं बघताना दिसलं, तर त्याला आधी विचारा, बाबा, कुठं जायचं? भाषा येत नसली तरी विचारा. त्याला कळतं."

त्या खाली बसल्या. टाळ्या बराच वेळ वाजत राहिल्या.

त्यानंतर पावसाळाभर मी माळ्यावर पडून होते. रिकामी, चुरगळलेली. मला बुरशी आली, एका पट्ट्याचा टाका उसवला. मित्रांनो, खरं सांगते, वाईट वाटलं. माझी एकच विनवणी आहे. प्रवासाहून घरी आलात की आपली सॅक तशीच कोपऱ्यात फेकू नका. ती उलटी करून झटका, धुवा, उन्हात वाळवा, उसवलेला टाका घालून घ्या. तिनं तुमचं ओझं वाहिलं आहे. आणि जी माणसं तुमचं ओझं वाहतात, त्यांनाही माळ्यावर टाकल्यासारखं विसरू नका.

गेल्या आठवड्यात गीताबाईंनी मला खाली काढलं. साबणानं घासलं, अंगणात तारेवर वाळत घातलं. बजरंगांनी माझा पट्टा शिवून दिला. आता श्रीलंकेला जायचं घाटतं आहे. सहादूंचा पाय बरा झाला आहे. काल त्यांनी मला उचलून खांद्याला लावून पाहिलं.

"या टायमाला मीच घेनार," ते म्हणाले.

"सगळा रस्ता न्हाई," गीताबाई आतून म्हणाल्या. "निम्मा तुमी, निम्मा मी."