माणूस क्रमांक दोनचा आवाज

मित्रांनो, तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी माझ्यासारखी वस्तू हातातही घेतली नसेल. मी एक जुनी व्हिडिओ कॅसेट आहे. मला विकत घेणारे त्र्यंबककाका अमेरिकेत, शिकागोजवळच्या शॉमबर्गमध्ये राहणारे निवृत्त इंजिनिअर. मराठी मंडळाच्या नाटकात त्यांनी केलेला न्यायाधीश लोकांच्या वर्षानुवर्षं लक्षात होता.

२००२ साली त्यांना तिथल्या एका टीव्ही मालिकेत अतिरेक्याचं काम मिळालं. दाढी चिकटवली, हातात बंदूक दिली. नामावलीत ते 'माणूस क्रमांक दोन' होते. संवाद लिहिलेलाच नव्हता. तुमच्या भाषेत काहीही ओरडा, इथे कुणाला कळतंय, असं त्यांना सांगण्यात आलं.

तो भाग काकांनी माझ्यावर उतरवून घेतला. तो पुसला जाऊ नये म्हणून माझ्या कडेची प्लास्टिकची पट्टीही मोडून टाकली. पण ती दाढी दिसताच त्यांची मुलगी ज्ञानदा उठून उभी राहिली.

"बाबा, आपल्या शार्दूलला प्रत्येक एअरपोर्टवर साइडला घेतात. आणि तुम्ही हेच करून दाखवता?"

"अगं, मला इथे न्यायाधीश करायला कोण बोलावणार?"

भावाची काळजी करणाऱ्या ज्ञानदाने तो विषय पुन्हा काढूच दिला नाही. काकांनी काम सोडलं, मंडळाचं नाटकही सोडलं. मी तळघरात ओल धरलेल्या भिंतीशी पडून राहिले.

२००८च्या जानेवारीत काका गेले. फोटो ढीगभर होते, आवाज मात्र कुठेच नव्हता. शोकसभेसाठी ज्ञानदाने मला शोधून वर आणलं आणि पहिल्यांदाच तो प्रसंग पुरता पाहिला. ओलीस धरलेल्या एका लहान मुलीवर बंदूक रोखून काका जरबेने ओरडत होते, मराठीत.

"रडू नकोस बाळा. बंदूक खोटी आहे. आत्ता संपेल हं, मग आई घरी नेईल."

पुन्हा ऐकायला तिने मला मागे फिरवलं. ओल खाल्लेली माझी फीत यंत्रात अडकली, चुरगळली आणि नेमकी तिथेच तुटली. तिने तीन दुकानं पालथी घातली. तेवढा तुकडा कुणालाच वाचवता आला नाही. शोकसभेत फोटोच ठेवला.

मित्रांनो, पडद्यावर कुणी परक्या भाषेत ओरडताना दिसला, तर तो काय म्हणतोय ते कुणाला तरी विचारा. आणि तो तुमच्या घरातलाच असेल, तर तो घरात असेपर्यंत विचारा.