गजांतून जाणारं पिल्लू

गट्टूची आई लहान मुलांच्या पुस्तकांची चित्रं काढायची. नवं पुस्तक सोमवारी छपाईला जायचं होतं, म्हणून सगळी पानं तिने हॉलच्या भिंतीवर क्रमाने चिकटवली होती. गोष्ट दुसऱ्या कुणाची तरी. अस्वलाचं एक गुबगुबीत पिल्लू कुंपणाच्या गजांतून पलीकडे जाऊ शकत नाही, बाकीची पिल्लं हसतात. मग ते खाणं कमी करतं आणि शेवटच्या पानावर अलगद गजांतून बाहेर पडतं. सगळे टाळ्या वाजवतात. संपादकबाईंच्या मते, आत्मविश्वास वाढवणारी गोष्ट.

आई समोर जे दिसेल त्यावरून चित्र काढायची. त्यामुळे पिल्लाची उभं राहण्याची तऱ्हा सात वर्षांच्या गट्टूची होती: एक हात पोटावर, एक पाय आत वळलेला. आणि कुंपण होतं घरच्याच गॅलरीच्या कठड्याचं, एका वाकलेल्या गजासकट. यात काही वावगं आहे असं तिला वाटलं नव्हतं.

दुपारी मामा आला. तिच्या गुबगुबीतपणावरून गट्टू हे नाव त्यानेच ठेवलेलं. भिंतीकडे बघून म्हणाला, "गट्टूबाई पुस्तकात? आणि शेवटी बारीकसुद्धा. ताई, काय जादू केलीस?"

"अस्वल आहे ते."

"तेच म्हणतोय मी."

गट्टू हसली नाही. शेवटच्या पानाजवळ जाऊन उभी राहिली. "आई, हे आपले गज ना?"

"हो. हात नको लावूस, रंग ओला आहे."

तेवढ्यात संपादकबाईंचा फोन आला. आई आतल्या खोलीत गेली. शेवटच्या पानावरचं पिल्लू अजून सडपातळ हवं, असं बाईंचं म्हणणं होतं. "फरक ठळक दिसला की मुलांना पटकन कळतं."

आई बाहेर आली तेव्हा मामा तोंडावर पेपर घेऊन घोरत होता. गट्टू नव्हती. आईने हाक मारली. बाथरूममध्ये पाहिलं, पलंगाखाली पाहिलं. चपला दारातच होत्या. मग गॅलरीचा पडदा हलला.

गट्टूचं डोकं, एक हात आणि खांदा वाकलेल्या गजाच्या फटीतून बाहेर होते. खाली चार मजले आणि सिमेंटचं अंगण.

ओरडलं तर पोर दचकेल.

"गट्टू, हलू नकोस."

"पोट अडकलंय. श्वास सोडला की जाईन."

"सोडू नकोस." आई गुडघ्यांवर सरकत पुढे गेली. "पोट फुगव. जेवढं फुगवता येईल तेवढं."

"पण मग मी जाणार कशी?"

"फुगव म्हणते ना, राणी."

गट्टूने पोट फुगवलं. आईने तिला कमरेत घट्ट धरलं आणि दबक्या आवाजात भावाला हाक मारत राहिली. तो आला आणि पाहतच राहिला.

"बघत काय बसलास? साबण आण."

साबणाच्या पाण्याने कान आणि मान बुळबुळीत करून त्याने डोकं इंचाइंचाने आत घेतलं. कान सोलवटले. आत आल्यावर मात्र आईचे हात सुटेनात. मुलगी कुरकुरली, "दुखतंय."

"का गेलीस तिथे?"

"थोडंच राहिलं होतं." गट्टू रडायला लागली. "मी डबा पण खात नाही. मैत्रिणीला देते. तरी होत नाही."

"कधीपासून?"

"तू पिल्लू काढायला लागलीस तेव्हापासून."

मामा बोलायला गेला, "गट्टू," आणि त्या नावाशीच थांबला. उठला, सुतळी शोधून आणली आणि गॅलरीतली फट विणून बंद करायला बसला.

आईने संपादकबाईंना फोन लावला. "पुस्तक सोमवारी जाणार नाही."

"अहो, एका पानासाठी?"

"पान नाही, गोष्ट. ही मी काढणार नाही." पुढचं न ऐकता तिने फोन ठेवला. भिंतीवरची पानं काढून उपडी ठेवली.

मग ताट वाढून लेकीसमोर आणलं. गट्टूने आईकडे पाहिलं, एक घास घेतला, गालात धरला. गॅलरीत सुतळी करकरत होती. घास गळ्याखाली उतरतो की नाही, हे बघत आई समोर बसून राहिली.