वीतभर खाली

"पाय सोड खाली," मी म्हटलं.

"खाली काय हाय?"

"खोबण हाय."

"आनि नसली तर?"

वाघजाईच्या डोंगराच्या माथ्याखाली उभा कातळ आहे. त्या कातळाच्या मधोमध मालन पालीसारखी चिकटून होती. मी तिच्या खाली, दोन पावलं जेमतेम मावतील अशा कंगोऱ्यावर. हात वर ताणला तरी तिची टाच माझ्या हाताला लागत नव्हती. उजवीकडे दरी, आणि दरीत एक घार आमच्या पायांखालून गिरक्या घेत होती. घारीची पाठ बघायची माझी ती पहिली वेळ नव्हती, पण बायको सोबत असताना पहिलीच.

मालन माझी बायको. गुहागरला शाळेतल्या पोरांची खिचडी रांधता रांधता तिचे केस पिकले. मी पोफळीवर चढणारा गडी. एका पोफळीच्या शेंड्यावरून झोका घ्यायचा, दुसरी धरायची आणि जमिनीला पाय न लावता अख्ख्या बागेची सुपारी उतरवायची. एकदा झोका चुकला. लोकांना मी सांगतो की पडता पडता अर्ध्या वाटेत मी पान जमवलं, सुपारी हाताशी होतीच, चुना लावणार तेवढ्यात जमीन आली. प्रत्यक्षात रत्नागिरीच्या दवाखान्यात मी पाठीवर पडून होतो आणि मालन माझ्या खाटेखाली फरशीवर झोपत होती. तिथंच ती माहेरच्या वाघजाईला नवस बोलली : हा माणूस चालता झाला तर ह्याला घेऊन तुझ्या माथ्यावर येईन आणि ओटी भरीन.

मी चालता झालो. नवस राहून गेला. आज शाळा, उद्या लावणी, परवा मुलीचं बाळंतपण. मग यंदा डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं, काचबिंदू आहे. गेलेली नजर परत यायची नाही, आहे ती औषधाच्या थेंबांवर टिकवायची. मालनला समोरचं धुकट दिसतं, पायाखालचं दिसतच नाही. घरी आल्यावर तिनं ट्रंकेतून नवा खण काढला.

"दिसतंय तवर फेडूया," म्हणाली.

तिचं माहेर सावर्ड्याच्या पूर्वेला, एसटी जिथून माघारी वळते तिथं. उजाडायच्या आधीच तिथून निघालो. तिचा भाऊ धाकू वाट दाखवायला आला, पण त्याला दमा. अर्ध्या डोंगरावर झरी आहे, तिथं तो छाती धरून बसला.

"भावोजी, दिस बुडायच्या आत झरीवर या," तो म्हणाला. "नि तिला वाघाबिघाच्या गजाली सांगू नका. हतंच थांबतंय मी."

झरीच्या वर वाट नव्हती. करवंदीच्या जाळ्या, आणि त्यांच्यामधून वाळलेलं गवत. पाय ठेवला की पायासकट घसरणारं. मालन माझ्या खांद्यावर हात ठेवून चढत होती. तिला धाप लागली तसा मी धाकूचा सल्ला विसरलो. म्हटलं, घाबरली तर इथूनच माघारी फिरेल.

"ह्याच वळणावर मला बिबट्यानं तंबाखू मागितलीन होती. वाघजाईची शपथ."

"दिलीत?"

"चुना नव्हता."

"तुमच्या गोष्टीत चुना कधीच नसतो," ती म्हणाली आणि चालत राहिली.

कातळ लागला तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. वर जाताना ती माझ्यापेक्षा सरस निघाली. हातानं चाचपायची, खोबण सापडली की बोटं रोवायची, आणि हात जिथं होता तिथंच मागून पाय आणायची. चढताना हातच डोळे होतात. उतरताना मात्र डोळे पायांना लागतात, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. मी पोफळीवरचा माणूस. पोफळीवरून उतरायचं म्हणजे झाडाला मिठी मारून सरळ घसरायचं; तिथं पाय शोधतो कोण.

माथ्यावर शेंदूर फासलेला एक दगड, बाकी वारा. मालननं खण, नारळ, तांदूळ मांडले. माझा दंड धरून मला पुढं ओढलं.

"आनलाय ह्याला. बघून घे," देवीला म्हणाली.

मग पश्चिमेकडे तोंड करून उभी राहिली. "समुद्र दिसतो काय वो?"

समोर नुसतं पांढुरकं. समुद्र सोडा, सावर्डेही दिसत नव्हतं.

"न दिसायला काय झालं?" मी म्हटलं. "अख्खी गुहागरची पुळण दिसते. नारळीतून आपल्या घराची कौलं दिसतात. परसातली दोरी दिसते, दोरीवर तुझी हिरवी साडी आहे, आणि वाऱ्यानं तिचा पदर शेजारणीच्या अंगणात चाललाय."

तिनं कपाळावर हात आडवा धरला.

"उचलायला हवी," म्हणाली. "दव पडंल."

मग आम्ही उतरायला लागलो. मी खाली, ती माझ्या वर. निम्मा कातळ उतरल्यावर तिचा डावा पाय हवेत फिरला, काही लागलं नाही म्हणून पुन्हा वर गेला, आणि ती थांबली ती थांबलीच.

मी तिला धीर द्यायला गेलो.

"मालन गो, खोबण केवढी ऐसपैस हाय म्हणून सांगू. चूल मांडून भाकऱ्या भाजशील. मागच्या साली एक गवा तिच्यात बसून..."

अर्धा खाली आलेला पाय तिनं झटकन वर घेतला. एक खडा सुटला. माझ्या कानाजवळून गेला. खाली पडल्याचा आवाज काही आला नाही.

"वाघजाईची शपथ घेतो," मी म्हटलं.

"ती सकाळी बिबट्यावर घेतलीत."

ऊन कातळावरून सरकत चाललं होतं. तिच्या बोटांची पेरं पांढरी पडली होती.

"हात सुटतायत," ती म्हणाली. शाळेत गॅस संपला की सांगायची, त्याच आवाजात.

मी वर चढायला बघितलं. माझ्या वजनानं कंगोऱ्याची कड ढासळली आणि मी गुडघ्यावर आलो. धरायला पोफळ नाही, काही नाही.

"हलू नका," ती वरून म्हणाली. "ऐका. खोटा असला की तुमचा बोलना लांबता. खरा असला की दोन शब्दांत सरता. दवाखान्यात मी इचारलेला, पाय कळतात काय? तुमी म्हनालात, नाय. त्या एका शब्दावर मी नवस बोलले. आता तसा सांगा."

माझ्या तोंडात नेहमीसारखे शब्द जमा झाले होते. गवा होता, चूल होती, अजून एक साधूही येऊ बघत होता. ते सगळे गिळले.

"डावा," मी म्हटलं. "वीतभर. खाली."

पाय निघाला. कातळावरून घसटत आला, अंगठा खोबणीच्या कडेला लागला आणि बाहेरच थांबला.

"आत."

पाय बसला.

"उजवा. सरळ."

उजवाही आला. मग तिची टाच माझ्या तळव्यात आली. तळव्यात पोफळीचे घट्टे आहेत, तरी टाचेतली थरथर मला समजली. कंगोऱ्यावर उतरून तिनं कपाळ कातळाला टेकलं.

"अजून हाय?"

एरवी मी, हे काय संपलंच, असं म्हटलं असतं.

"हाय," मी म्हटलं.

झरीवर पोचलो तेव्हा दिवस बुडाला होता. धाकू बॅटरी घेऊन उभा होता. आम्हाला बघून त्याला जो श्वास आला तो दम्याचा नव्हता. मग ऐसपैस मांडी घालून बसला.

"बोला भावोजी, वर काय बघितलात?"

"डोंगर," मी म्हटलं.

त्यानं बॅटरी माझ्या तोंडावर मारली, मग बहिणीकडे वळला. "ह्यांना काय झाला?"

मालन पाणी पीत होती. पुढं गावची शेतं लागली, बांधावरून माझ्या खांद्याला धरून चालताना तिनं विचारलं, "समुद्र दिसला व्हता काय?"

"नाय."

"कौलं?"

"नाय."

धाकूच्या बॅटरीचा उजेड पुढं हलत होता. बांध संपला, पाणंद लागली.

"साडी राहू दे," ती म्हणाली.

त्याला आता पावसाळा लोटला. समोरचं धुकटही कमी कमी होत चाललंय. संध्याकाळी तिच्या डोळ्यांत थेंब घालतो, डोळे मिटून ती थोडा वेळ ओटीवर बसते, मग आम्ही समुद्रावर जातो. वाटेत मी फार बोलत नाही. पायरी. दगड, डावीकडं. गटार. पुळणीवर पोचलं की ती चपला काढून हाताशी ठेवते, पाय पसरून बसते, आणि पाण्याकडे तोंड करून म्हणते, "आता लांबवा."