होसियतचा चावा

उझबेकिस्तानातल्या आमच्या मर्गिलानमध्ये लांबच्या प्रवासाला निघालेला माणूस उंबऱ्यापाशी रोटीचा एक घास चावतो. उरलेली रोटी घरचे भिंतीला टांगतात. तो परत आला की ती संपवतो.

माझ्या बायकोनं, होसियतनं, तिकिटं निघायच्या आधीच रोटी चावली.

थायलंडजवळच्या एका बेटावर जायचा बेत ती तीन हिवाळे करत होती. मी तीन हिवाळे गुडघ्याचं कारण सांगत होतो. मागच्या फेब्रुवारीत एका सकाळी तिनं तंदुरातून गरम रोटी काढली, माझ्यासमोर आली आणि मोठा लचका तोडला.

"हे काय?"

"निघाले मी बेटावर," ती भरल्या तोंडानं म्हणाली. "आता मागं फिरता येत नाही. तुम्ही यायचं की नाही ते तुमचं तुम्ही बघा."

"अगं, तिकीट कुठंय?"

"ते तुम्ही काढायचं."

पुढच्या फेब्रुवारीचं ठरलं. प्रवास कचेरीतली नफोसत नावाची मुलगी म्हणाली, "खोली समुद्राकडची देऊ की बागेकडची?"

"बाग मी जन्मभर खुरपली," होसियत म्हणाली. "समुद्राकडची दे."

मी चाळीस वर्षं बस दुरुस्त केल्या, त्यामुळे घरात जुन्या ट्यूबा पडलेल्या. एप्रिलमध्ये पाणी सुटलं तशी एक ट्यूब कमरेत अडकवून ती घरामागच्या पाटात पोहायला शिकायला उतरली. पाणी गुडघाभर. शेजारी भिंतीवरून बघत होते. तिनं त्यांना हात केला.

जूनमध्ये ती गेली. सकाळी तिनं मला चहा दिला, दुपारी ती नव्हती. याहून जास्त मला सांगता येत नाही.

रोटी भिंतीवरच राहिली.

माझी मोठी बहीण सलोमत ओपा रोज येते, माझं जेवण बघते आणि रोटीकडे बघून उसासे टाकते. "काढ ती. भिजवून पाखरांना घाल." मी नाही म्हणतो.

गेल्या मंगळवारी नफोसतचा फोन आला. "काका, दोन नावं आहेत. एक रद्द करू की दोन्ही? संध्याकाळपर्यंत सांगा."

"दोन्ही!" ओपा म्हणाली. "वर्षाचं जेवण व्हायचंय अजून. लोक म्हणतील, बायको जाऊन वर्ष झालं नाही आणि म्हातारा चड्डीवर समुद्रात! आण तो फोन इकडं, मी सांगते तिला."

तिनं फोन घेतला. मी उठलो, रोटी खाली घेतली आणि होसियतच्या चाव्याच्या दुसऱ्या बाजूला दात रोवले. नऊ महिन्यांची रोटी. कडकन आवाज झाला. तुकडा तोंडात आला आणि पुढचा सोन्याचा दात रोटीतच रुतून बसला.

"थुंक!" ओपा किंचाळली. "थुंक आधी!"

"रोटी थुंकू? तू सांगतेस?"

जमिनीवर पडलेला रोटीचा कण उचलून कपाळाला लावणारी बाई ती.

मी बराच वेळ तो तुकडा चघळत बसलो. ती समोर कमरेवर हात ठेवून उभी.

"लहानपणीही असाच होतास. गेला का पोटात?"

"गेला."

"म्हणजे निघालास."

"निघालो."

तिनं डोक्याचा रुमाल सोडला, परत बांधला. "जेवण जानेवारीत उरकून घेऊ. मुल्लांना मी सांगते." मग फोन लावला. "पोरी, एकच नाव रद्द कर. म्हातारा येतोय. खोली? एकट्याला काय करायचाय समुद्र, बागेकडची..."

मी तोंडातल्या भोकातून इतक्या जोरात "नाही" म्हणालो की तिला फोन पुसावा लागला.

"समुद्राकडची," ती म्हणाली. "आणि काय गं, विमानात बसची ट्यूब घेऊ देतात का?"

रोटी तिनंच पुन्हा खिळ्याला टांगली, दातासकट.

"दात तरी काढून घे," मी म्हणालो.

"राहू दे तिथंच. परत ये आणि काढ." तिनं दोन्ही चावे निरखून बघितले. "होसियतचा वाटा कोण संपवणार?"

"मी. चहात भिजवून."