अर्धी दाढी आणि समन्स

मित्रांनो, मी न्हाव्याच्या दुकानातली एक जुनी खुर्ची आहे. माझ्यावर बसणारा प्रत्येक जण समोरच्या आरशात स्वतःला बघतो, मला कुणी बघत नाही. माझा पाय ओतीव लोखंडाचा, हत्ते लाकडी, गादी जाड चामड्याची. माझ्या मालकाच्या वडिलांनी मला नवीकोरी आणली, तेव्हा शेजारचे दुकानदार नुसते वर-खाली व्हायला माझ्यावर बसून गेले. लहान मुलांसाठी माझ्या हत्त्यांवर फळी टाकत. त्या फळीवर बसून किती मुलं पहिल्यांदा भोकाड पसरून रडली, ते मला ठाऊक!

वडील गेले आणि कात्री मालकाच्या हाती आली. त्याचा हात इतका हलका, की गिऱ्हाइकं दाढी होता होता डुलक्या घ्यायची. सगळं छान चाललं होतं. मग एकदा वरच्या मजल्यावरचा नळ फुटला. छत भिजून खाली आलं, आरसे फुटले, वायरिंग जळालं. मालकाने क्रेडिट कार्डावर सगळं नवं करून घेतलं. वर्षभर हप्ते वेळेवर भरले. पुढे तो जिन्यावरून पडला आणि त्याचं उजवं मनगट मोडलं. न्हाव्याचं उजवं मनगट! चार महिने दुकानाला कुलूप. हप्ते थकले, व्याजावर व्याज चढलं. दुकान पुन्हा उघडलं तशी थकबाकीची पाकिटं टपालाने येऊ लागली. मालक ती न फोडताच माझ्या गादीखाली सरकवायचा. बायकोला त्याने यातलं अक्षरही सांगितलं नाही.

अशीच दोन वर्षं गेली. एके सकाळी एक अनोळखी गृहस्थ दारात उभे राहिले. "या, बसा," म्हणत मालकाने त्यांच्या गळ्याभोवती कापड बांधलं आणि ते काही बोलायच्या आत गालांना फेस लावला. एक गाल झाला, तेव्हा त्यांनी कापडाखालून हात बाहेर काढला. हातात कागद होते.

"मी कोर्टाचा बेलिफ. दाढीला आलो नव्हतो हो. तुम्ही इतक्या प्रेमाने बसवलंत, मला नाही म्हणवेना. हे समन्स. इथे सही करा."

मालकाने सही केली. मग दुसरा गाल केला. पैसेही घेतले नाहीत त्याने. जाताना बेलिफ हळूच म्हणाले, "तीस दिवसांत उत्तर द्या. गप्प मात्र बसू नका."

मालक गप्प बसला. बँकेने त्याचं कर्ज कुठल्याशा कंपनीला विकलं होतं. दावा त्या कंपनीचा होता आणि मागितलेली रक्कम मूळ कर्जाच्या दुपटीहून जास्त. आकडा वाचून त्याने कागदाची घडी घातली. समन्सही गादीखाली गेलं. तो जेवणाचा डबा तसाच परत नेऊ लागला. एकदा जुन्या सामानाचा व्यापारी आला, त्याने माझ्या पायाला बुटाने ठोकून पाहिलं आणि भंगाराचा भाव सांगितला. मालक "नको" म्हणाला, पण भाव पुन्हा एकदा विचारून मगच.

मग कंपनीचा फोन आला. "कोर्टात यायची काही गरज नाही. महिन्याला थोडे थोडे पाठवा, बाकी आम्ही बघून घेऊ." मालकाने कितीतरी दिवसांनी मोकळा श्वास घेतला.

एकोणतिसाव्या दिवशी कोर्टातून निवृत्त झालेले कारकूनकाका केस कापायला आले.

"अरे, खाली काय कोंबलंयस? टोचतंय मला!" त्यांनी हात घालून कागद ओढला, वाचला आणि ताडकन उठले. "उद्या शेवटचा दिवस आहे!"

"पण ते म्हणाले, यायची गरज नाही."

"तू नकोच आहेस त्यांना तिथे! तू गैरहजर, की निकाल एकतर्फी. मग जप्ती. ही खुर्चीसुद्धा उचलतील."

मालकाने कात्री खाली ठेवली. "नेऊ दे, काका. सगळं नेऊ दे. मी पैसे घेतलेत, खोटं कसं लिहू?"

"खोटं लिही कोण म्हणतंय? घेतलंस तेवढं कबूल कर. बाकीचं नाकबूल. हिशेब दाखवा म्हणावं. आणि आधी बायकोला बोलाव."

ती आली. तिने गादी उचलली आणि पाकिटांचा ढीग बघून तशीच उभी राहिली.

"दोन वर्षं?" ती म्हणाली. "मी रोज तुमच्यासमोर जेवायला बसत होते ना हो?"

मालकाने ढीग उचलून तिच्या हातात दिला. ती माझ्यावर बसली आणि वस्तऱ्याने एकेक पाकीट फोडू लागली. कधीही न मागितलेल्या विम्याचे पैसे, दंड, दंडावरचा दंड. काका मुद्दे सांगत गेले, ती लिहीत गेली. दुसऱ्या दिवशी दुकान बंद होतं. कोर्टातली खिडकी बंद होता होता जबाबावर शिक्का बसला, हे मला नंतर कळलं.

तारखा पडत राहिल्या. कंपनीच्या वकिलाला पूर्ण हिशेब काही दाखवता आला नाही. शेवटी मालकाने कबूल केलं तेवढंच देणं कोर्टाने ठरवलं, तेही हप्त्यांनी. ते हप्ते अजून चालू आहेत. चणचण आहेच.

निकालाच्या दिवशी कोर्टातून आल्यावर बायको म्हणाली, "बसा इथे. काय अवतार करून घेतलाय!" मालकाचे केस मानेवर आले होते. तिने कात्री घेतली. एक बाजू वर गेली, एक खाली राहिली. आरशात बघून मालक हसायला लागला आणि हसता हसता त्याने गळ्याच्या कापडात तोंड खुपसलं. कात्री थांबवून तिने त्याच्या डोक्यावर हात ठेवला.

मित्रांनो, माझी गादी फाटली तर कुणीही शिवून देईल. पण तुमच्या घरातलं कुणी गप्प गप्प राहू लागलं, टपालवाल्याच्या चाहुलीने दचकू लागलं, तर त्याच्याजवळ जाऊन बसा. विचारा. ती दोन वर्षं मालकाच्या सर्वांत जवळ मीच होते, पण मला विचारता येत नव्हतं. तुम्हाला येतं.